चांद्रलँडर उतरवणारा प्रोग्राम: आधी मर्यादा लिहा, सूत्र नंतर

इंदूरच्या एसजीएसआयटीएस, डीएव्हीव्ही किंवा सिमरोलच्या आयआयटीत शिकणाऱ्या मुलामुलींना २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनासाठी किंवा गणेशोत्सवात मंडळाच्या पडद्यावर दाखवण्यासाठी चांद्रयानाचं उतरणं प्रोग्रामने करून दाखवायचं असतं. बहुतेक जण जालावरून एक सूत्र उचलतात आणि पहिल्याच फेरीत लँडर अलगद टेकतो. तो टेकतो कारण त्यात इंजिनाला कमाल जोर नाही, किमान जोर नाही, वळायला वेळ लागत नाही आणि वजनही घटत नाही. खरा प्रश्न अरेषीय (दुप्पट दिलं की दुप्पट मिळालं, असा सरळ हिशेब न राहणारा) होतो तो या चार गोष्टींमुळेच. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी मर्यादा, मग नियम, मग चाचणी.

साधन साधंच पुरतं. ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप आणि पायथन किंवा ऑक्टेव्ह, दोन्ही फुकट. तयार टूलबॉक्स वापरू नका. सगळा प्रोग्राम तीनशे ओळींच्या आत बसतो आणि स्वतः लिहिला तरच चूक कुठे आहे ते कळतं.

कुठून कुठपर्यंत

चांद्रयान-३ चा लँडर सुमारे ३० किमी उंचीवरून १.६८ किमी प्रतिसेकंद वेगाने निघाला. पहिला टप्पा, म्हणजे खरखरीत ब्रेकिंग, ६९० सेकंदांचा होता. हा टप्पा सुरुवातीला घेऊ नका. एवढ्या वेगात चंद्राच्या गोलाईमुळे येणारं केंद्रोत्सारी त्वरण गुरुत्वाकर्षणाएवढंच असतं (कक्षेत फिरणं म्हणजे तेच), त्यामुळे सपाट चंद्राचं गणित तिथे चालत नाही.

आपण घ्यायचा टप्पा नंतरचा, बारीक ब्रेकिंगचा. इस्रोच्या नियोजनातले आकडे साधारण असे होते: उंची ६८०० मीटर, आडवा वेग ३३६ मी/से, खाली जाण्याचा वेग ५९ मी/से. इथून ८०० मीटर उंचीवर येऊन जवळपास थांबायचं. आडवं अंतर आपण २८,५०० मीटर धरू. राजवाड्याहून निघून सांवेरला जाऊन थांबण्याएवढं, आणि तेही तीन मिनिटांच्या आसपास.

सपाट जमिनीने इथेही थोडी चूक येते, पण ती मोजून घ्या. २८.५ किमीवर पृष्ठभाग स्पर्शरेषेपासून सुमारे २३४ मीटर खाली वळलेला असतो आणि ३३६ मी/से वेगाला केंद्रोत्सारी त्वरण ०.०६५ मी/से² येतं, गुरुत्वाच्या ४ टक्के. नियम दर फेरीला नव्याने हिशेब करत असल्याने ही चूक तो पचवतो. मूळबिंदू मात्र उतरायच्या जागेवर ठेवा, सुरुवातीच्या जागेखाली नाही. म्हणजे शेवटी, जिथे अचूकता लागते, तिथे ही चूक शून्य होते. खालच्या सूत्रांत फक्त अंतरांतले फरक येत असल्याने मूळबिंदू हलवल्याने नियम बदलत नाही.

मर्यादांची फाइल

नियमाची एकही ओळ लिहिण्याआधी एक वेगळी फाइल करा आणि त्यात हे आकडे टाका. विक्रमवर प्रत्येकी ८०० न्यूटनची चार थ्रॉटल होणारी (जोर कमी-जास्त करता येणारी) इंजिनं होती, तेवढं खरं घेऊ. बाकीचे आकडे सरावासाठी धरलेले आहेत.

कमाल जोर ३२०० न्यूटन. किमान जोर त्याच्या ४० टक्के, म्हणजे १२८० न्यूटन. टप्प्याच्या सुरुवातीचं वजन १००० किलो. इंजिनाचा विशिष्ट आवेग (इंधन किती काटकसरीने वापरलं जातं याचं माप) ३०० सेकंद. थ्रॉटलचा प्रतिसाद पहिल्या दर्जाचा (आदेश दिल्यावर जोर लगेच नाही, हळूहळू तिथे पोचतो), कालस्थिरांक ०.२ सेकंद. लँडर कलण्याचा वेग जास्तीत जास्त ५ अंश प्रतिसेकंद. चंद्राचं गुरुत्वत्वरण १.६२ मी/से².

इंधन किती जळतं याचं सूत्र: दर सेकंदाला घटणारं वजन = जोर ÷ (३०० × ९.८०६६५). इथे ९.८ च येतो, १.६२ नाही. विशिष्ट आवेगाच्या व्याख्येतच पृथ्वीचं गुरुत्व बसलेलं आहे. "आपण चंद्रावर आहोत ना" म्हणून १.६२ घातला, तर या टप्प्याला जे इंधन १५८ किलो लागायला हवं ते ६४७ किलो दिसतं. इंधनाचा आकडा असा चारपट आला तर बाकी काही शोधत बसू नका, ही एकच ओळ बघा.

अवस्थेत सात राशी ठेवा: आडवं स्थान, उंची, आडवा वेग, उभा वेग, वजन, कलण्याचा कोन आणि इंजिन प्रत्यक्षात देत असलेला जोर. शेवटच्या दोन राशी बहुतेक जण गाळतात. मागितलेला जोर आणि मिळालेला जोर, मागितलेला कोन आणि असलेला कोन, या जोड्या वेगळ्या राहिल्याच पाहिजेत.

समाकलनासाठी, म्हणजे छोट्या पायऱ्यांनी पुढची अवस्था काढण्यासाठी, चौथ्या दर्जाची रुंगे-कुट्टा पद्धत (ती प्रत्येक पायरी चार उपपायऱ्यांत काढते), पायरी ०.०५ सेकंद. मार्गदर्शनाचा नियम मात्र दर ०.१ सेकंदाला एकदाच चालवा आणि मधल्या काळात आदेश तसाच धरून ठेवा. नियम रुंगे-कुट्टाच्या चार उपपायऱ्यांच्या आत टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. मग लँडरला प्रत्येक क्षणी, अगदी अर्ध्या पायरीवरही, ताजा आदेश मिळतो आणि निकाल खोटा गोड येतो. अपोलोचा संगणक ही फेरी २ सेकंदांनी एकदा करायचा, आणि तरीही उतरायचा.

पहिला नियम: दोन तुटी

आता नियम. आत्ता इंजिन बंद केलं तर उरलेल्या वेळात लँडर लक्ष्यापासून किती चुकेल, ती स्थानतूट. वेग किती चुकेल, ती वेगतूट. उरलेला वेळ 'उ' म्हणू.

स्थानतूट = लक्ष्यस्थान − (स्थान + वेग × उ + ½ × गुरुत्व × उ²)
वेगतूट = लक्ष्यवेग − (वेग + गुरुत्व × उ)
इंजिनाकडून हवं असलेलं त्वरण = ६ × स्थानतूट ÷ उ² − २ × वेगतूट ÷ उ

हे आडव्या आणि उभ्या दिशेला वेगवेगळं करायचं. वर धन दिशा घेतली तर उभ्या दिशेला गुरुत्व −१.६२, आडव्याला शून्य. क्षेपणास्त्र अडवण्याच्या गणिताचं मूळही हेच, पण तिथे फक्त स्थान जुळलं की काम झालं. उतरताना स्थान आणि वेग दोन्ही एकाच क्षणी जुळावे लागतात, म्हणून दुसरं पद येतं.

पहिली फेरी हाताने तपासा. उ = १७५ सेकंद घ्या. आडवी स्थानतूट २८५०० − ३३६ × १७५ = −३०३०० मीटर, वेगतूट −३३६. त्वरण −५.९४ + ३.८४ = −२.१० मी/से². उभी स्थानतूट ८०० − (६८०० − १०३२५ − २४८०६) = २९१३१ मीटर, वेगतूट ३४२.५. त्वरण ५.७१ − ३.९१ = १.७९ मी/से². एकूण २.७६ मी/से², १००० किलोला २७६० न्यूटन, म्हणजे थ्रॉटल ८६ टक्के. प्रोग्रामने हेच आकडे दिले पाहिजेत. उभं त्वरण −१.४५ आलं तर गुरुत्वाचं चिन्ह उलटं पडलं आहे. तसं झाल्यास लँडर डोकं खाली करून जमिनीकडे जोर लावतो. पडद्यावर फार गमतीशीर दिसतं.

या नियमात त्वरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ रेषेत बदलतं. शेवटच्या क्षणी ते आडवं −१.७४ आणि उभं २.१२ येतं. इंधन सुमारे १५१ किलो लागतं, म्हणजे किफायतशीर. अडचण अशी की शेवटी लँडर उभ्यापासून ३९ अंश कललेला असतो. वेग शून्य, जागा बरोबर, पण अंग तिरकं. ५ अंश प्रतिसेकंदाने सरळ व्हायला ८ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात उंची टिकवत राहिलात तरी तिरक्या जोरामुळे सुमारे ४.८ मी/से चा मागे जाणारा वेग येतो. कोनाची राशी गाळलेल्या प्रोग्राममध्ये हे कधीच दिसत नाही.

दुसरा नियम: शेवटचं त्वरणही ठरवा

उपाय जुना आहे. अपोलोच्या उतरण्यात अ‍ॅलन क्लंप यांच्या नियमाने लक्ष्यस्थान आणि लक्ष्यवेगाबरोबर लक्ष्यत्वरणही दिलेलं असायचं. त्याचं सोपं रूप:

एकूण त्वरण = १२ × (लक्ष्यस्थान − स्थान) ÷ उ² − ६ × (लक्ष्यवेग + वेग) ÷ उ + लक्ष्यत्वरण

इथे 'एकूण' म्हणजे गुरुत्व धरून. इंजिनाचं त्वरण काढताना उभ्या दिशेला त्यात १.६२ मिळवायचे. लक्ष्यत्वरण दोन्ही दिशांना शून्य ठेवलं की शेवटी इंजिनाला फक्त गुरुत्व तोलायचं उरतं, म्हणजे लँडर आपोआप उभा.

आता इथे खरी मेख आहे. तेच उ = १७५ ठेवून हा नियम चालवा. सुरुवातीला सगळं शांत, जेमतेम १३४० न्यूटन. पण अर्ध्या वाटेवर मागणी ३.५६ मी/से² वर जाते. तोवर वजन ९२८ किलोवर आलेलं असतं, म्हणजे ३३०० न्यूटन हवेत. आपल्याकडे ३२०० आहेत. कागदावर सुंदर असलेला मार्ग इंजिन देऊ शकत नाही.

वेळ १९० सेकंद केला की गणित बसतं. सुरुवात १८७३ न्यूटनने, म्हणजे ५९ टक्क्यांनी. सर्वाधिक मागणी सुमारे ८० व्या सेकंदाला ९३ टक्के. कल सुरुवातीला ३७ अंश, वाढत ४९ अंश, आणि शेवटच्या ४७ सेकंदांत ३९ वरून शून्यावर. म्हणजे सरासरी एका सेकंदाला एक अंशही नाही, ५ ची मर्यादा कुठल्या कुठे. इंधन १५८ किलो. सरळ उभं राहण्याची किंमत ७-८ किलो, आणि ती बिनतक्रार द्यावी.

उरलेला वेळ हाताने निवडू नका. १२० ते ३०० पर्यंत एकेक सेकंद घेऊन प्रत्येकासाठी पूर्ण मार्ग आधीच काढा (तो बहुपदी असल्याने क्षणात निघतो) आणि चार गोष्टी तपासा: जोर कधी ९५ टक्क्यांवर किंवा ४० च्या खाली जातो का, कल ६० अंशांपुढे जातो का, उंची ८०० च्या खाली जाते का, आडवं स्थान लक्ष्य ओलांडतं का. पास झालेल्यांतला सर्वांत कमी इंधनाचा वेळ घ्या. शेवटची अट विसरू नका. पहिल्या नियमात वेळ २५४ सेकंदांपुढे गेला की लँडर लक्ष्याच्या पुढे निघून माघारी येतो. आकडे जुळतात, टेकण्याची जागाही बरोबर असते, फक्त कोणी मार्गाचा ग्राफ काढलेला नसतो.

जोर कमी पडला तर काय सोडायचं

वेळ कितीही नीट निवडला तरी इंजिन ३ टक्के कमी भरलं किंवा सुरुवातीचा वेग थोडा जास्त असला, तर मागणी कमाल जोराला भिडतेच. तेव्हा मागितलेल्या सदिशाचं (दिशेसह जोराचं) काय करायचं हे लिहून ठेवलेलं नसेल, तर बहुतेक प्रोग्राम पूर्ण सदिश त्याच दिशेत आखूड करतात. हे वाईट. त्याने उभा जोरही घटतो आणि लँडर खाली घसरतो.

उभा भाग पूर्ण द्या, उरलेल्यात आडवा बसवा: आडवा जोर = वर्गमूळ (कमाल² − उभा²). वरच्या १७५ सेकंदांच्या उदाहरणात उभा २०४३ न्यूटन लागतो, तो दिला. आडव्याला २४६३ उरतात, हवे होते २५९१. तूट ५ टक्के. म्हणजे लँडर खाली आदळणार नाही, थोडा पुढे जाईल. जमीन खाली आहे, पुढे नाही.

पण मग लक्ष्याने थोडं सरकायला तयार असलं पाहिजे. चांद्रयान-२ च्या बाबतीत २०२३ साली इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी दिलेलं स्पष्टीकरण इथे समजून घेण्यासारखं आहे: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, दुरुस्तीसाठी यानाला फार वेगाने वळावं लागलं आणि वळण्याच्या वेगाला प्रोग्राममध्ये मर्यादा होती, त्यात उतरायची जागा ५०० × ५०० मीटर एवढीच. जागा गाठायची म्हणून यान वेग वाढवत राहिलं. चांद्रयान-३ ला हीच जागा ४ × २.४ किमी दिली. नियम बदलण्याएवढीच, किंबहुना त्याहून मोठी, ही दुरुस्ती होती. तुमच्या प्रोग्राममध्येही लक्ष्यबिंदूऐवजी लक्ष्यपट्टा ठेवा. जोर सलग २ सेकंद ९५ टक्क्यांच्या वर राहिला तर लक्ष्य १०० मीटर पुढे ढकला, पट्टा संपेपर्यंत.

शेवटचे दहा सेकंद

दोन्ही नियमांत 'उ' भागाकारात आहे. उ = १० असताना पहिल्या नियमात एक मीटरच्या चुकीला ०.०६ मी/से² चा आदेश निघतो. उ = ५ ला ०.२४. उ = १ ला ६ मी/से², म्हणजे चंद्राच्या गुरुत्वाच्या जवळपास चौपट. उंची मोजणाऱ्या यंत्राचा नुसता गोंगाट (वाचनाचं उगाच वरखाली होणं) एक मीटरचा असतो. आणि दुसऱ्या नियमात हे आकडे दुप्पट.

म्हणून उ १० सेकंदांवर आला की नवा हिशेब थांबवा, शेवटचा मार्ग तसाच चालू द्या आणि पुढच्या टप्प्याकडे सोपवा. १० च्या खाली भाजक १० वरच अडकवून ठेवणं हा जो दुसरा उपाय सांगतात, त्याने लँडर ठरल्या वेळेला लक्ष्यावर पोचत नाही, नुसता रेंगाळतो.

८०० मीटरवरून खाली: सरकपृष्ठ नियम

इथे वजन ८४२ किलो. तरंगायला १३६४ न्यूटन लागतात. चार इंजिनांचा किमान जोरच १२८० आहे. म्हणजे थ्रॉटल पूर्ण खाली ओढला तरी खाली जाण्याचं त्वरण फक्त ०.१० मी/से², आणि वजन घटत गेलं की तेही संपतं. लँडर खाली यायचंच नाकारतो. म्हणून दोन इंजिनं बंद करायची. चांद्रयान-३ ही शेवटी दोनच इंजिनांवर उतरलं. आता पल्ला ६४० ते १६०० न्यूटन, तरंगणं ८५ टक्क्यांवर.

पण याचा अर्थ ब्रेक फार कमकुवत झाला. कमाल जोराला १.९० मी/से², त्यातून गुरुत्व वजा केलं की ०.२८. खाली जाण्याचा वेग १० मी/से झाला तर थांबायला १७९ मीटर लागतात, २० मी/से झाला तर ७१४ मीटर. इथून पुढे वेग उंचीला बांधून ठेवावा लागतो आणि त्यासाठी सरकपृष्ठ नियम चांगला: प्रत्येक उंचीला हवा तो वेग ठरवणारी रेषा म्हणजे 'पृष्ठ', आणि लँडरला तिच्यावर आणून तिच्यावरूनच सरकवायचं.

हवा असलेला वेग: वह = − वर्गमूळ (२ × ०.१५ × (उंची − १५०)). म्हणजे १५० मीटरवर शून्य. ८०० मीटरवर हा −१४ मी/से येतो. चूक च = वेग − वह. इंजिनाचा आदेश:

त्वरण = १.६२ + ०.१५ × (वेग ÷ वह) − क × मर्यादित (च ÷ फ)

'मर्यादित' म्हणजे −१ ते +१ च्या बाहेर जाऊ न देणारं फलन. दुरुस्तीची ताकद क = ०.५, आणि पूर्ण दुरुस्ती किती चुकीला लागू व्हायची ती मर्यादा फ = ०.३ मी/से घ्या. आरंभी वेग शून्य, च = +१४, आदेश १.१२ मी/से², लँडर अर्ध्या मी/से² ने खाली झेपावतो. सुमारे १५० मीटर खाली आल्यावर, २५ व्या सेकंदाच्या आसपास, १२ मी/से ला तो पृष्ठाला भिडतो आणि मग पुढची ८० सेकंदं पृष्ठावरून सरकत १५० मीटरवर येतो. जवळ आल्यावर वह शून्याकडे जातो आणि भागाकार फुटतो, म्हणून वह चा आकडा, चिन्ह सोडून, कधीही ०.५ पेक्षा लहान होऊ देऊ नका. १५५ मीटरवर साध्या तरंगण्याच्या नियंत्रकाकडे सोपवा.

पाठ्यपुस्तकातल्यासारखं 'मर्यादित'च्या जागी नुसतं चिन्ह (+ किंवा −) वापरलं तर थ्रॉटल दर फेरीला वरखाली आपटतो. ०.२ सेकंदांचा विलंब असलेल्या इंजिनाला ते झेपत नाही आणि वेग पृष्ठाभोवती थरथरतो. फ ने ही थरथर जाते. किंमत म्हणून थोडी कायमची चूक उरते: ०.०५ मी/से² चा अडथळा (हिशेबात न धरलेलं त्वरण) असेल तर ०.३ × ०.०५ ÷ ०.५ = ०.०३ मी/से. ही चालते.

एक गोष्ट ग्राफवरून लगेच लक्षात येत नाही. क = ०.५ खाली ढकलताना मिळतो, वर ओढताना नाही. १.६२ + ०.१५ नंतर कमाल १.९० पर्यंत फक्त ०.१३ उरतात. सरकपृष्ठ नियमाची सगळी हमी 'क अडथळ्यापेक्षा मोठा' या अटीवर उभी आहे, आणि वरच्या दिशेला तुमचा खरा क ०.१३ आहे. ३ टक्के जोर कमी पडला तर ०.०६ जातात, ते भागतं. पण वह च्या सूत्रातला उतार ०.१५ ऐवजी ०.२५ केलात तर ०.०३ उरतात आणि हमी संपली. घाई दिसते तिथेच लँडर जातो.

१५० मीटरवर तरंगणं सेकंदाला ०.४४ किलो खातं. २० सेकंद पाहणीला ९ किलो. तिथून १० मीटरपर्यंत हाच नियम ०.०५ च्या उताराने, आणि शेवटचे १० मीटर एकसारखे १ मी/से ने. टेकताना उभा वेग २ मी/से च्या आत, आडवा ०.५ च्या आत, ही इस्रोने जाहीर केलेली मर्यादा सरावालाही ठेवा.

इंजिन कधी बंद करायचं? पायाचा संपर्क-सेन्सर लागल्यावर, पण फक्त उंची ३ मीटरच्या आत असताना आणि संकेत सलग काही वाचनांना टिकला तरच. १ मी/से ने उतरताना ०.९ मीटरच्या वर इंजिन बंद झालं तर वेग २ ओलांडतो. १९९९ च्या मार्स पोलर लँडरबाबत चौकशीत सर्वांत संभाव्य कारण हेच निघालं: पाय उघडताना बसलेला हिसका प्रोग्रामने जमीन समजला आणि इंजिन सुमारे ४० मीटरवर बंद पडलं.

सेन्सरवर किती विश्वास

उंचीच्या वाचनाला गोंगाट द्या (प्रमाण विचलन १ मीटर), सोबत एक कायमची चूक (±५० मीटर, ८०० च्या खाली ±२). सरळ वाचन नियमाला देऊ नका, अंदाज आणि वाचन यांची सरमिसळ करणारा साधा कालमन फिल्टर लावा. अंदाजापासून फार दूरचं वाचन टाकून द्यायचं असतं, आणि इथेच सापळा आहे. एप्रिल २०२३ मध्ये जपानी कंपनीचा हाकुटो-आर लँडर विवराच्या कडेवरून गेला, तेव्हा जमीन एकदम सुमारे ३ किमी खाली गेली. रडारचं वाचन खरं होतं. प्रोग्रामने ते बिघाड समजून नाकारलं. अंदाजाने उंची शून्य, प्रत्यक्षात सुमारे ५ किमी, आणि इंधन तिथेच संपलं.

तेव्हा एकटं वाचन टाकून द्या, पण एकाच बाजूला हटलेली सलग २० वाचनं आली तर वाचनं बरोबर आणि अंदाज चूक असं धरून फिल्टर नव्याने सुरू करा. चाचणीत मुद्दाम जमिनीला ३०० मीटरची पायरी द्या.

विलंबाची भरपाई करताना जास्तीची करू नका. अपोलो ११ च्या उतरण्यात प्रोग्राम थ्रॉटलचा ०.२ सेकंद विलंब धरून भरपाई करत होता, प्रत्यक्षात इंजिन सुमारे ०.०७५ सेकंदांत प्रतिसाद देत होतं. परिणाम, थ्रॉटल झुलत राहिला. भरपाई नेहमी खऱ्या विलंबापेक्षा थोडी कमी.

चाचणी

एक फेरी यशस्वी झाली याला अर्थ नाही. यादृच्छिक फेऱ्या चालवा: वजन ±१ टक्का, जोर ±३ टक्के, सुरुवातीचं स्थान ±५०० मीटर, वेग ±३ मी/से, उंचीच्या वाचनातली कायमची चूक ±५० मीटर. ३०० फेऱ्यांत एकही अपयश नसेल, तर अपयशाची शक्यता १ टक्क्याच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३० फेऱ्यांवरून फक्त १० टक्क्यांच्या आत. यादृच्छिक बीज (ज्या आकड्यापासून यादृच्छिक आकडे निघतात तो) प्रत्येक फेरीबरोबर नोंदवा, नाहीतर पडलेली फेरी पुन्हा चालवून पाहता येत नाही.

पडलेल्या फेरीचे पाच ग्राफ एकाखाली एक काढा, सगळ्यांचा वेळेचा अक्ष एकच: उंची, दोन्ही वेग, मागितलेला व मिळालेला जोर, मागितलेला व असलेला कोन, उरलेलं इंधन. तिसऱ्या आणि चौथ्या ग्राफात दोन रेषा कुठे फाकतात ते आधी बघा. बिघाड जवळपास नेहमी त्या जागेच्या दोन-चार सेकंद आधी सुरू झालेला असतो.

मंडळाच्या पडद्यासाठी वेग वाढवू नका. १९० सेकंद, मग १०६, मग तरंगणं आणि शेवटचा उतार धरून सगळं साडेसहा-सात मिनिटांत होतं, आरतीआधी बसतं. कोपऱ्यात थ्रॉटलची टक्केवारी मोठ्या आकड्यांत ठेवा, आणि पडलेली एखादी फेरीही दाखवा. लोक प्रश्न तीवरच विचारतात.